चोरांचे शास्त्र

अमक्याची मुलगी काय शिकते, ह्या प्रश्नाला आपल्याकडे चटकन देता येण्याजोगी उत्तरे ठरून गेली आहेत. डॉक्टरी, इंजिनियरी, वकिली, बँकेच्या परीक्षा, अगदीच काही नाही तर डी. एड. ह्यांपैकी एखादे सांगितले की विचारणारा मान डोलावतो आणि चहाचा कप तोंडाला लावतो. ‘समाजशास्त्र’ म्हटले की कप वाटेतच थांबतो. आणि ‘समाजशास्त्र, पुढे गुन्हेगारीशास्त्र’ असे म्हटले की तो बशीत परत जातो, माणूस पुढे सरकतो आणि आवाज उतरवून विचारतो, “म्हणजे पोलिसात जाणार का?”

माझ्या पुतणीने हा प्रश्न गेली पाच वर्षे सोसला आहे. आमच्या खारीत तो चुकवणे कठीण. भाईंदरच्या पूर्वेला खारी, नवघर, गोडदेव ही जुनी गावे एकमेकांना खेटून आहेत. आता त्यांच्यामध्ये सिमेंटच्या इमारती इतक्या दाटल्या आहेत, की गाव कुठे संपले आणि कॉलनी कुठे सुरू झाली हे रिक्षावाल्यालाही सांगता यायचे नाही. तरी जुन्या घरांतून चौकशीची जुनी रीत शाबूत आहे. आमच्या आत्याबाईंनी तर थेट विचारले होते, “चोर पकडायला शिकवतात?” “नाही गं आत्याआजी.” “मग चोरी करायला?” पुतणी हसली. आत्याबाई हसल्या नाहीत.

माझे थोरले बंधू, म्हणजे मुलीचे वडील, हेही हसणाऱ्यांतले नव्हते. दादाचे म्हणणे सरळ होते. आजोबा मिठागरावर उन्हात करपले, वडिलांनी भातशेती आणि मिठागर दोन्ही सांभाळले, मी कॉलेजात मराठी शिकवायला लागलो हेच घराण्याच्या दृष्टीने पुष्कळ झाले. आता चौथ्या पिढीने सुधारायचे सोडून चोरांच्या मागे का लागावे? फी तो भरत होता, पण पावती कपाटात ठेवताना दरवेळी एक सुस्कारा सोडत असे.

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला मात्र ह्या विषयाचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या म्हणींतून चोर ठायी ठायी भेटतो. चोराच्या मनात चांदणे, चोराच्या उलट्या बोंबा, चोरावर मोर, चोर सोडून संन्याशाला सुळी. ह्या शेवटच्या म्हणीत तर न्यायव्यवस्थेवरचा एक प्रबंधच सामावला आहे. आणि संस्कृतात चौर्यशास्त्र नावाचे शास्त्र असल्याचा दाखला खुद्द ‘मृच्छकटिका’त आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या कृपेने मराठी प्रेक्षकालाही तो शर्विलक ठाऊक आहे. चारुदत्ताच्या घराची भिंत फोडताना त्याच्यापाशी मापायला दोरी नसते, तेव्हा हा ब्राह्मण चोर जानव्याचीच दोरी करतो. वर्गात ह्या ठिकाणी मुले हमखास हसतात. पण शूद्रकाने तिथे एक गोष्ट अशी ठेवली आहे की ती लक्षात आल्यावर हसू ओसरते. शर्विलक चोरी करतो ती आपल्या मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. माणूस विकत मिळतो अशा समाजात, माणूस सोडवायला पैसा लागतो आणि पैसा नसला की भिंत फोडावी लागते. मी हे पुतणीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “काका, आम्हांला पहिल्या सत्रात हेच शिकवतात. फक्त नावे परदेशी असतात.”

गैरसमज बराच असल्यामुळे थोडी फोड करतो. गुन्हा कुणी केला ते पोलीस शोधतात. तो शाबीत झाला की नाही ते न्यायालय ठरवते. सही खरी की खोटी, डाग रक्ताचा की रंगाचा, हे कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पाहतात. गुन्हेगारीशास्त्र ह्या तिघांच्या मागे उभे राहून निराळेच प्रश्न विचारते. गुन्हा म्हणायचे कशाला आणि ते कुणी ठरवले? अमुक वस्तीतच तो जास्त का नोंदला जातो? शिक्षा भोगून आलेल्या माणसाचे पुढे काय होते? हे प्रश्न समाजाचे असल्यामुळे त्यांचे माहेर समाजशास्त्रात आहे.

आणि भारतातल्या विद्यापीठांत समाजशास्त्राचे माहेर आपल्या मुंबईत आहे, हे पुष्कळ मुंबईकरांच्या गावीही नसते. १९१९ साली मुंबई विद्यापीठात ह्या विषयाचा विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनाकार. १९२४ मध्ये त्यांच्या जागी आले गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणचे घुर्ये संस्कृतचे विद्यार्थी, आणि केंब्रिजला जाऊन आले ते समाजशास्त्रज्ञ होऊन. इरावती कर्व्यांनी एम. ए. चा प्रबंध त्यांच्याच हाताखाली लिहिला. गुन्ह्याकडे वळणारी दुसरी वाट नागपाड्यातून निघाली. तिथे १९३६ साली समाजकार्य शिकवणारी सर दोराबजी टाटा संस्था सुरू झाली, आणि तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था ह्या नावाने १९५४ मध्ये देवनारला गेली. तुरुंग, बालगृहे, परिवीक्षा ह्या कामांसाठी लागणारी माणसे तिथे घडली. माझी पुतणी पदवीपर्यंत समाजशास्त्र शिकून ह्या दुसऱ्या वाटेने गेली. भाईंदरहून दादर, दादरहून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बरच्या गाडीने गोवंडी. गर्दीच्या वेळी ह्या तीन गाड्या बदलणाऱ्याला समाजाचा निम्मा अभ्यास फुकटातच घडतो.

ह्या शास्त्राची सुरुवात, खरे तर, काही अभिमान वाटावा अशी झाली नाही. १८७६ साली लोंब्रोझो नावाच्या इटालियन डॉक्टरने ग्रंथ लिहून सांगितले, की गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो आणि कवटी, जबडा, कान पाहून तो ओळखता येतो. कैद्यांच्या कवट्या मोजल्या गेल्या. तुरुंगाबाहेरच्या सभ्य मंडळींच्या कवट्या तितक्या उत्साहाने मोजाव्यात असे मात्र फारसे कुणाला वाटले नाही. पुढे फ्रान्सच्या दुर्खीमने १८९५ मध्ये चक्रावून टाकणारा विचार मांडला. गुन्हा नाही असा समाजच नसतो. सगळे संतच राहत असलेला मठ काढलात तर तिथे आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या चुकांचीच महापातके होतील. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या मराठी मनाला हे पटायला जड जाऊ नये. दिंडीतही चोपदार असतोच.

मला स्वतःला सर्वांत भावली ती शिकागोची हकीकत, कारण तीत मला भाईंदर दिसले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिकागो शहर भरमसाट फुगत गेले. जर्मन आले, आयरिश आले, मग पोलंडचे, इटलीचे. प्रत्येक वेळी जुने रहिवासी म्हणत, ह्या नव्या लोकांनी चोऱ्यामाऱ्या आणल्या. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके ह्या दोघांनी बालगुन्हेगारांचे पत्ते घेऊन शहराच्या नकाशावर ठिपके मांडले. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथात निष्कर्ष आहे तो असा: कारखान्यांच्या आणि मध्यवस्तीच्या कडेला असलेल्या काही मोडक्या वस्त्यांत ठिपके कायम दाट राहिले, मग तिथे राहणारे लोक कुठल्याही देशाचे असोत. तेच लोक चार पैसे मिळवून बाहेरच्या वस्तीत गेले की त्यांच्या मुलांचे ठिपके विरळ होत. म्हणजे दोष रक्तात नव्हता. भाड्याच्या खोलीत, उठून जाणाऱ्या शेजारात आणि रिकाम्या संध्याकाळीत होता.

आता आमच्याकडे पाहा. १९९१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक! १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका, २०२० च्या ऑक्टोबरात स्वतंत्र पोलीस आयुक्तालय. आणि नाक्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचे वाक्य तेच, शिकागोचे: “बाहेरचे आले आणि गाव बिघडले.” पुतणीने नाक्यावर जाऊन शॉ आणि मॅके सांगितले नाहीत, तेवढे शहाणपण तिच्यात आहे. मला मात्र तिने एवढे बजावले, की पोलिसांच्या वहीतला आकडा म्हणजे घडलेले गुन्हे नव्हेत, नोंदलेले गुन्हे. चौकी जवळ आली की तक्रार करायला जाणारेही वाढतात.

शिवाय वहीत काय नोंदले जात नाही, ते पाहणे हाही ह्या शास्त्राचाच भाग. एडविन सदरलंड ह्या अमेरिकन पंडिताने १९३९ मध्ये आपल्या समाजशास्त्रज्ञ बांधवांना भर सभेत सांगितले, की तुम्ही गरिबांच्या चोऱ्या मोजत बसला आहात. पांढऱ्या कॉलरवाल्यांचे गुन्हे तुमच्या तक्त्यात येतच नाहीत. ह्यासाठी आम्हांला न्यूयॉर्कला जायला नको. खाडीकाठच्या खाजणांत रात्री डंपरने राबिट आणून टाकायचे, तिवरे गुदमरून मेली की तिथे जमीन झाली म्हणायचे, ही कला ह्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही माणसाला परिचित आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबवण्याचा हुकूम दिला. पण पावसाळ्यात गुडघाभर पाणी घरात शिरते तेव्हा कुणी “चोर, चोर” म्हणून ओरडत नाही. मोबाइल खेचून पळणाऱ्याच्या मागे मात्र सबंध गल्ली धावते.

चोर म्हणून कुणाकडे बोट दाखवायचे, ह्याचा सर्वांत कडू धडा तर आपल्या मराठी भाषेतच पडलेला आहे. ‘भामटा’ हा शब्द आपण लफंग्यासाठी बेधडक वापरतो. ते एका जातीचेही नाव आहे. शब्द आधी की जात आधी हा व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवू. पण १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि नंतर तो आपल्या इलाख्यातही लागू झाला, तेव्हा नाव हाच पुरावा झाला. अमुक जातीत जन्मला म्हणून पोलिसपाटलाकडे हजेरी, गाव सोडायचे तर दाखला, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट. गंमत म्हणावी की विटंबना, रामोशी हा गावगाड्यात रात्रीची राखण करणारा. त्याचेही नाव आज राज्याच्या विमुक्त जातींच्या चौदा नावांत आहे. ज्याच्या भरवशावर गाव झोपत होते त्याच्यावरच सरकारने पहारा बसवला! ‘गावगाडा’ लिहिणाऱ्या त्रिंबक नारायण आत्र्यांसारख्या चाणाक्ष माणसानेही त्याआधी ‘गुन्हेगार जाती’ ह्याच नावाचे पुस्तक लिहिले होते. काळाची नजरच तशी होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९८७ साली, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले. ते मी दरवर्षी वर्गात वाचायला सांगतो, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, कायदा रद्द झाला होता ना?” पुतणीच्या हाती तेच पुस्तक अकरावीत असताना पडले होते. तिच्या शिक्षणाचे खापर दादा माझ्या डोक्यावर फोडतो, ते अगदीच निराधार नाही.

गेल्या वर्षी मात्र हे सगळे पुस्तकातून उठून आमच्या अंगणात आले.

जुन्या घराच्या मागे दादाने चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. त्यातल्या एकीत एक बाई आपल्या मुलाला घेऊन राहते. बाई इमारतींत धुणीभांडी करते. मुलगा अठरा पुरा करून एकोणिसाव्यात, एका दुकानात सामान पोचवण्याच्या कामावर. मोबाइल हिसकावल्याच्या प्रकरणात दोघांबरोबर त्याला पकडले. खरे काय ते न्यायालय ठरवील. मी ते सांगायला बसलेलो नाही. गल्लीने मात्र त्याच संध्याकाळी ठरवून टाकले. दादाने बाईला महिन्याअखेर खोली खाली करायला सांगितली. त्याचे म्हणणे, पोलीस दारात येतात, बाकीचे भाडेकरू काय म्हणतील?

पुतणीने बापाशी वाद घातला नाही. तिने बाईच्या पिशवीतले कागद मागून घेतले आणि ओट्यावर बसून वाचले. त्यात निघाले ते हे: पोराला पकडल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात जामीन मंजूर झाला होता, पंधरा हजारांचा, एका ऐपतदार जामीनदारासह. आणि तो सातव्या महिन्यात आतच होता. बाईला जामीन म्हणजे पैसे भरायचे, एवढेच ठाऊक. पैसे नव्हते म्हणून ती गप्प राहिली. जामीनदार म्हणजे एक माणूस, ज्याच्याकडे घरपट्टीची पावती आहे, रेशनकार्ड आहे आणि जो न्यायालयात उभा राहून म्हणेल की हा तारखेला येईल. हे तिला कुणी समजावून सांगितले नव्हते.

वाचकहो, असा हा एकटाच नाही. देशातल्या तुरुंगांची अधिकृत आकडेवारी सांगते, की २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत असलेल्या दर शंभर माणसांत सुमारे शहात्तर कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच हुसेनआरा खातून प्रकरणात सांगितले होते, की गरिबाला पैशाच्या जामिनापायी अडकवून ठेवू नका, शक्य तिथे जातमुचलक्यावर सोडा. १९८७ च्या कायद्याने गरिबाला मोफत वकील मिळण्याची सोय केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर पूर्वी कधीही गुन्हा शाबीत न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला बहुतेक गुन्ह्यांत जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि न्यायालयांत जाऊन हेच काम करतो. औषध दुकानात आहे. रोग्याला दुकानाचा पत्ता ठाऊक नाही. जामीन आणि जामीनदार ह्या दोन शब्दांतला फरक न कळल्यामुळे एका पोराचे पाच महिने गेले. भाषेच्या मास्तराला ह्याहून मोठी चपराक कोणती?

पुतणीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज लिहून दिला. वकील मिळाले. त्यांनी सांगितले, रोख जामिनासाठी अर्ज करू, पण त्याला वेळ लागेल. जामीनदार मिळाला तर काम लवकर होईल. ही बातमी तिने रात्री जेवताना सांगितली. कुणाचे नाव घेतले नाही. ताटाकडे पाहून सांगितली.

दादा दोन दिवस बोलला नाही. वहिनींनी मला फोन करून बोलावले. मी गेलो तर तो पुतणीची कसलीशी इंग्रजी टिपणे चश्मा लावून चाळत होता. मला म्हणाला, “तो शांतारामबापूंचा सिनेमा, कैद्यांना शेतीवर नेतो तो, ती गोष्ट खरी आहे म्हणे?” ‘दो आँखें बारह हाथ’बद्दल तो बोलत होता. मी सांगितले, हो, आधार खरा आहे. औंध संस्थानने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत. गदिमांनी कथा लिहिली, १९५७ साली चित्रपट आला. “आणि पळाले नाहीत?” “ह्याच्यावरच तर तो प्रयोग उभा होता.” दादा म्हणाला, “तिथे राजा होता. मी जामीन राहिलो आणि पोरगा पळाला तर पंधरा हजार माझे जातील.”

“जातील,” पुतणी आतून म्हणाली. “पण आत्ता आई खोली सोडून गेली तर तारखेचे समन्स कुठल्या पत्त्यावर येईल, बाबा? न पळताही तो फरारी ठरेल.”

ह्यात उपदेश नव्हता, दयेची याचना नव्हती. पत्ता असलेला माणूस तारखेला येतो, पत्ता गेलेला येत नाही. शिकागोच्या नकाशावरचे ठिपके ह्याच बेताने दाट आणि विरळ होत होते. दादाला शिकागो ठाऊक नाही. भाडेकरू मात्र ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी तो घरपट्टीची पावती, रेशनकार्ड आणि दोन फोटो घेऊन न्यायालयात गेला. सकाळी दहाला गेलेला माणूस संध्याकाळी सहाला परतला. “चोराला आत टाकायला इतका वेळ लागत नाही,” एवढेच बोलला.

पोरगा सुटला. दुकानदाराने त्याला परत घेतले नाही. दोन महिने तो घरातच बसून असे आणि ओट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरा चुकवीत असे. आता एका गोदामात रात्रपाळीला जातो. बाईची खोली राहिली. गल्लीतल्या दोन घरांनी दादाकडचा गणपतीचा प्रसाद घेतला नाही, अशी माहिती आत्याबाईंनी पुरवली. पुतणीचा अभ्यासक्रम पुरा झाला असून ती एका संस्थेत कामाला लागली आहे. पगार सांगण्यासारखा नाही, म्हणून नाक्यावर आम्ही तो सांगत नाही. “पोलिसात लागली का?” ह्या प्रश्नाला दादा हल्ली “कोर्टाच्या कामात आहे” असे मोघम उत्तर देतो.

खटला अजून उभा राहायचा आहे. पुढची तारीख मार्गशीर्षात आहे. दादाने ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवली आहे, आणि रात्रपाळी करून आलेल्या पोराला त्या दिवशी सकाळी सातला उठवण्याचे काम वहिनींकडे दिले आहे.